आलोच म्हणतोस, ये ना! : तयार चालीवर शब्द कसे बसवायचे

"काकू, चाल तयार आहे. फक्त शब्द हवेत."

गेल्या बारा वर्षांत हे वाक्य इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यातल्या 'फक्त'चा राग येत नाही. चाल व्हॉट्सॲपवर येते. कुणीतरी पेटीवर 'लाला लाला' करत गायलेली असते, मागे पंख्याची घरघर, मध्येच त्याच्या आईची हाक. एकांकिकेचा प्रयोग तीन आठवड्यांवर असतो आणि गाणी चार. पूर्वी मी रात्री बसून लिहून द्यायची. आता देत नाही. माझ्या कोथरूडच्या घरी डायनिंग टेबलाशी बसवते, पोहे देते आणि त्यांच्याकडूनच लिहून घेते. ती शिकवणी कशी चालते ते इथे लिहिते आहे. कविता कशी करावी हे मला विचारू नका, ते मला येत नाही. चाल आधी आली असेल तर तिच्यावर माणसाच्या तोंडचे शब्द कसे बसवायचे, एवढंच मला सांगता येतं.

माझे दोन गुरू. पहिला गुरू म्हणजे टेलिफोन खात्यातलं ट्रंक एक्स्चेंज. १९८१ मध्ये मी तिथे कानाला हेडसेट लावून बसले. ट्रंक कॉलचे, म्हणजे आम्ही जोडून द्यायचो त्या बाहेरगावच्या फोनचे, पैसे तीन मिनिटांच्या हिशेबाने लागायचे. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये पडून सांगायचो, आणि लोक घाईघाईने खरं बोलायचे. ऐकायची परवानगी नव्हती, पण लाइन नीट लागली का हे बघायला कान लावावा लागेच. एक बाई मुलाला हैदराबादला फोन करायच्या. अर्जंट कॉल, म्हणजे पैसे जास्त. अडीच मिनिटं लोणच्याची बरणी फुटली का, झाकण घट्ट होतं का, तेल सांडलं का. आणि शेवटी, अगदी ठेवता ठेवता, "बरा आहेस ना?" दुसरं काही नाही. गाणं म्हणजे काय हे मला त्या बरणीवरून कळलं, फक्त कळायला वीस वर्षं लागली.

दुसरी गुरू न्यूयॉर्कची, डोरोथी फील्ड्स. ही भेट उशिरा झाली. मुलगी न्यू जर्सीला असते (पुण्यात हे वेगळं सांगावं लागत नाही). तिच्याकडे गेले असताना नातीच्या शाळेत पोरांनी एक जुनं गाणं म्हटलं, 'पिक युअरसेल्फ अप'. पडलीस तर ऊठ, कपडे झटक, पुन्हा सुरुवात कर, असा मामला. मला वाटलं, काय सोपं लिहिलंय या माणसाने! शेजारच्या बाईंना विचारलं, कोणी लिहिलं? तर लिहिणारा माणूस नव्हताच, बाई होती. १९३६ च्या 'स्विंग टाइम' चित्रपटातलं गाणं, संगीत जेरोम कर्नचं. त्याच गाण्यातले शब्द ओबामांनी २००९ मध्ये शपथविधीच्या भाषणात वापरले होते, तेही नंतर कळलं.

घरी आल्यावर मी या बाईंच्या मागेच लागले. वडील ल्यू फील्ड्स हे विनोदी नट आणि निर्माते, तिकडच्या रंगभूमीवरचं मोठं नाव. भाऊ जोसेफ आणि हर्बर्ट दोघंही नाटकवाले. पण मुलीने या धंद्यात येऊ नये असं वडिलांचं मत. ते म्हणाले, सभ्य बायका गाणी लिहीत नाहीत. यावर ती म्हणाली, मी कुठे सभ्य बाई आहे, मी तर तुमची मुलगी! हे उत्तर पाहा. चारचौघांत म्हणता येईल असं वाक्य, उपमा नाही, अलंकार नाही, आणि समोरचा गारद. गाण्यांतही तिने हेच केलं. चारशेच्या वर गाणी लिहिली, रंगभूमीसाठी आणि चित्रपटांसाठी. 'द वे यू लुक टुनाइट' या गाण्याला ऑस्कर मिळालं. गीतलेखनासाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली बाई.

आपल्याकडे कुणी विचारेल, हे विलायती कशाला? चालीवर शब्द लिहिणं आपल्याला नवं नाही. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं तेव्हापासून संगीत नाटकातली पदं बरीचशी आधीच्या चालींवरच बांधलेली. जुन्या नाटकाचं पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल :' म्हणून कुठल्या तरी दुसऱ्या गाण्याचे शब्द छापलेले दिसतील. बायकाही होत्या. हिराबाई पेडणेकरांचं 'संगीत दामिनी' ललितकलादर्शने रंगमंचावर आणलं. शान्ताबाई शेळके तर आपल्या पुण्याच्याच, 'हे बंध रेशमाचे' या नाटकाची त्यांची पदं अभिषेकीबुवांच्या संगीतात आजही मैफलीत गातात. त्यांची कोळीगीतं ऐकून कुणाला वाटेल का की लिहिणाऱ्या बाई प्राध्यापक होत्या? तेव्हा वारसा घरचाच आहे. डोरोथीबाईंकडून मी घेतली ती एक सवय. कागदावर सुंदर दिसणारा शब्द उचलायचा नाही, कानावर पडलेला उचलायचा.

आता कामाला लागू.

कागद बाजूला ठेवा

पहिला आठवडा लिहायचंच नाही. पोरांना हे पटत नाही. मी सांगते, चाल मोबाइलवर लावा आणि भांडी घासा. गाडीवर जाताना गुणगुणा. दोन दिवसांत ती अशी पाठ झाली पाहिजे की झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. मग तीन गोष्टी शोधा आणि वहीत मांडा. सम, म्हणजे तालाची पहिली, जोराची मात्रा, कुठे पडते. सगळ्यात लांब सूर कुठला आणि तो वर आहे की खाली. गाणारी श्वास कुठे घेणार. या तीन जागा म्हणजे घराचे खांब, उरलेल्या भिंती हलवता येतात.

त्याच आठवड्यात दुसरा अभ्यास असतो तो कानांचा. छोटी वही खिशात ठेवायची आणि लोक जे बोलतात ते जसंच्या तसं उतरवायचं. मेट्रोत वनाजहून बसलात की डेक्कन येईपर्यंत एक पान भरतं. मंडईत तर विचारू नका. "घ्यायची तर घ्या, हात नका लावू" ही अख्खी लावणी आहे. अट एकच, सुधारून लिहायचं नाही. माणूस "मी काय म्हणते" असं म्हणून पुढे काहीच म्हणत नसेल, तर तसंच लिहा.

डोरोथीबाईंच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याची कथा अशीच सांगतात. १९२८ च्या 'ब्लॅकबर्ड्स' या रिव्ह्यूसाठी (म्हणजे गाणी, नाच, प्रहसनं असा रंगमंचीय कार्यक्रम) तिला आणि संगीतकार जिमी मॅकह्यू यांना गाणं हवं होतं. दागिन्यांच्या एका बड्या दुकानाच्या काचेसमोर एक गरीब जोडपं उभं होतं आणि तो मुलगा तिला म्हणत होता की प्रेमाशिवाय मला तुला काही देता यायचं नाही. झालं, गाण्याची पहिली ओळ तीच. ही कथा शंभर टक्के तशीच घडली असेल असं नाही, गाण्यांच्या जन्मकथा नंतर जरा पॉलिश होतात. पण लक्ष्मी रोडवर सराफाच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहून बघा, आजही तुम्हाला ते जोडपं भेटेल.

गाण्यातलं माणूस कुठे उभं आहे

गेल्या पावसाळ्यात आलेल्या ग्रुपचंच उदाहरण घेते. दादरा ताल होता, सहा मात्रांचा, म्हणजे सहा ठोक्यांचा, धा धिं ना धा तिं ना. मुखड्याची, म्हणजे परत परत येणाऱ्या सुरुवातीची, एक ओळ चार आवर्तनांची, म्हणजे तालाच्या चार फेऱ्यांची. पहिल्या दोन आवर्तनांत लहान सूर, तिसऱ्यात सूर वर चढतो आणि मग वरच लांबतो. पेटीवाल्या पोराने छान केली होती चाल. प्रसंग : मुलगी मुलाची वाट बघते आहे. त्यांनी स्वतःच लिहून आणलेला मुखडा होता,

विरह हा साहवे ना

मीटरमध्ये चोख. विरह हा, पाच मात्रा. साहवे, पाच मात्रा. मग 'ना' आणि लांबण. मी म्हटलं, बसलंय छान, आता खोडा. त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मीटरमध्ये बसलेली वाईट ओळ ही सगळ्यात धोक्याची. चुकलेली ओळ तबलजीच काढून टाकतो, बसलेली राहून जाते. मी विचारलं, ही मुलगी आहे कुठे? कॉलेजजवळच्या अमृततुल्यात. काय करतेय? चहा मागवून बसलीय. किती वेळ? चाळीस मिनिटं. फोन केला का त्याला? हो, चार वेळा. काय म्हणाला? सगळे एका सुरात, "आलोच!"

हेच लिहा, म्हटलं. पुण्यात 'आलोच' म्हणजे अजून टॉवेलवर आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विरह सहन होत नाही असं अमृततुल्यात बसलेली कुठलीही मुलगी म्हणणार नाही. ती म्हणेल,

आलोच म्हणतोस, ये ना!

'स्विंग टाइम'मधलाच 'द वे यू लुक टुनाइट'चा प्रसंग पाहिलात तर हे आणखी पटेल. कर्नने चाल पहिल्यांदा वाजवली तेव्हा डोरोथीबाईंना रडू आवरेना, उठून खोलीबाहेर जावं लागलं. अशा चालीवर आपण काय केलं असतं? चंद्र, तारे, जन्मोजन्मीचं नातं. तिने काय लिहिलं, तर आज रात्री तू दिसतेस तशी मला आठवत राहशील, एवढंच. आणि पडद्यावर फ्रेड अस्टेअर पियानोवर हे गातो तेव्हा जिंजर रॉजर्स आतून येते ती डोक्याला शाम्पूचा फेस लावलेली! चाल एवढी आर्त, शब्द साधे आणि समोर फेस. रडू येईल अशी चाल हाताशी असेल तर शब्दांनीही रडायचं नसतं.

आता मात्रा

आपली ओळ दादऱ्यात अशी बसते :

आलोच । म्हणतोस । ये ना । – – च
हाही । निवलाय । ये ना । – –

दुसरी ओळ आहे 'चहाही निवलाय, ये ना'. तिचा 'च' असा वर का टांगलाय ते सांगते, कारण यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली.

'आलोच'मध्ये पहिलं अक्षर आ, जड आणि उघडं, समेवर धप्पकन बसतं. 'चहा'चं पहिलं अक्षर च, हलकं. मात्रा मोजल्या तर दोन्ही शब्द पाचच, आलोच : दोन, दोन, एक, चहाही : एक, दोन, दोन. कागदावर हिशेब जुळतो, पण गायलं की समेवर तो बिचारा 'च' चिरडला जातो आणि 'चाहाही' ऐकू येतं. पेटीवाला म्हणाला, काकू, सम हुकतेय. शब्द बदलायचा का? मला 'निवलाय' सोडायचा नव्हता. 'निवलाय' म्हणजे 'म्हणतोस'चा जुळा भाऊ, एक-एक-दोन-एक, आणि वर घरातला शब्द. मग वाट सापडली. आधीच्या ओळीच्या शेवटी 'ना' लांबवून श्वास घेतला की आवर्तनाची एक मात्रा उरते. 'च' तिथे उचलायचा, म्हणजे समेवर 'हा' येतो. गाणाऱ्या मुलीने असं केलं आणि गंमत म्हणजे ती घाईत असल्यासारखी वाटायला लागली. वैतागलेली मुलगी अशीच मध्येच तोंड उघडते.

लघु-गुरू शाळेत वृत्तं शिकताना मोजलेत तसे इथे चालत नाहीत. आपण 'म्हणतोस' लिहितो आणि बोलतो 'म्हण्तोस्'. जुन्या नाट्यपदांत शेवटचा अ उघडून म्हणायची रीत आहे, तिथे ती शोभते. पण बोलीतल्या गाण्यात 'म्हणतोसऽ' केलंत की अमृततुल्याचं एकदम देऊळ होतं. म्हणून आधी ओळ बोलायची, चाल विसरून, जशी भांडताना बोलू तशी. बोलताना जिथे जोर येतो तिथेच सम आली पाहिजे. 'आलोच'वर जोर येतो, 'ये'वर येतो. दोन्हीकडे सम आहे, म्हणजे झालं. 'म्हणतोस'वरची सम तेवढी सौम्य ठेवायला तबलजीला सांगितलं.

आणि दोन 'च' आहेत हे विसरू नका. 'आलोच'मधला च चमच्यातला आणि चहातला च चहातला. आमच्या कोरसमधली दोन पोरं इंग्रजी शाळेतली, त्यांनी दोन्ही सारखेच केले आणि अख्खी ओळ परकी वाटली. असल्या गोष्टी तालमीत पहिल्याच दिवशी ऐकून घ्याव्यात.

लांब सूर आणि श्वास

पहिल्या मसुद्यात 'ये ना'च्या जागी 'ये तू' होतं. अर्थाला तेही चाललं असतं. पण तिथे सूर वर आहे आणि सहा मात्रा धरायचा आहे. वरच्या सुरावर 'ऊ' धरून पाहा, ओठ मिटतात, आवाज बारीक होतो. 'आ' धरा, घसा मोकळा. लांब आणि उंच सुराला आ द्यावा, नाहीतर ए किंवा ओ. ई, ऊ खालच्या सुरात ठीक. आणि लांब सूर ट, क, प, च असल्या अक्षरावर कधीही संपवू नका. 'आलोच' ओळीच्या सुरुवातीला कडक लागतो. तोच शेवटी नेऊन लांबवायला गेलात तर गाणारीची अवस्था शिंक अडकल्यासारखी होते.

श्वासाची मात्रा गीतकाराने ठेवायची असते, गायिकेने चोरायची नसते. एका पोराने चौथं आवर्तन रिकामं दिसलं म्हणून तिथे 'रे सख्या' घातलं. मी त्यालाच मुखडा तीनदा सलग म्हणायला लावला. तिसऱ्यांदा 'सख्या' म्हणताना त्याला धाप लागली. दुसरं काही समजवावं लागलं नाही.

फुकटचं यमक घेऊ नका

मराठीत क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे म्हणतोस-करतोस-बसतोस, येते-जाते-गाते अशी यमकं रस्त्यावर पडलेली असतात, कुणीही उचलावीत. उचलू नका. ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच दुसरी कळते आणि त्याचा कान झोपतो. त्यापेक्षा यमक नसलं तरी चालेल. आमच्या मुखड्यात यमक नाहीच, 'ये ना' परत येतं, तेवढ्यावर काम भागतं. यमक घालायचं तर शेवटच्या शब्दात काहीतरी नवीन कळलं पाहिजे.

अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं कडवं, असा झाला :

रिक्षात बसलोय म्हणतोस
शिट्टी ही कुठली, सांग ना
तिसरी झालीय, गॅस बंद कर ना

ही शिट्टी माझ्या एक्स्चेंजमधून आली. फोनवर माणूस काय बोलतो यापेक्षा त्याच्या मागे काय वाजतं ते खरं असतं. "साहेब ऑफिसात नाहीत" असं शिपाई सांगायचा तेव्हा मागे साहेबांचा खोकला यायचा. मी हे सांगितलं आणि तिथल्याच एका मुलीने कुकर सुचवला. तो रिक्षात बसलोय म्हणतो आणि मागे कुकरची शिट्टी. ती रागावते, पण आपल्याकडची मुलगी आहे, शिट्ट्या मोजल्याशिवाय राहवत नाही.

शेवटच्या ओळीचा हिशेब करून पाहा : तिसरी, झालीय, गॅस बंद, कर ना. चारही आवर्तनं भरलेली, श्वासाला जागा नाही. वर मीच सांगितलेला नियम मोडलाय. मुद्दाम. ती इथे चिडलेली आहे, एका दमात बोलते आणि 'ना'वर तिचा दम संपतो. तो संपलेला ऐकू आला पाहिजे. नियम मोडायचा असेल तर अशा एकाच ठिकाणी मोडावा, दोनदा मोडला की लोकांना वाटतं येत नव्हतं.

फ्रीज, फडताळ, ओटा

उपमा स्वयंपाकघरातून घ्याव्यात. ही माझी जुनी भुणभुण आहे आणि इथे डोरोथीबाई माझ्या बाजूने उभ्या राहतात. 'अ फाइन रोमान्स' हे त्याच 'स्विंग टाइम'मधलं गाणं. बर्फात उभे असलेले ते दोघं, ती जवळ यायला बघते आणि हा ढिम्म. तिथे ती त्याला कालच्या शिळ्या बटाट्याच्या लगद्याइतका थंड म्हणते. मॅश्ड पोटॅटो हो, त्यांच्याकडे रोज ताटात असतो तो. १९३६ साल, झगमगीत चित्रपट, आणि प्रेमगीतात कालचा बटाटा! या गाण्याला उपहासाचं प्रेमगीत असं उपशीर्षकही होतं.

हे मराठीत आणताना बटाटा आणायचा नाही. पोरं हीच चूक करतात, विनोदाचं भाषांतर करायला जातात. आपल्या घरात थंड झाल्यावर ज्याची कीव येते असं काय आहे ते शोधायचं. चहावरची साय. सकाळचे पोहे दुपारी चारला. गणपतीनंतर डब्यात उरलेला, दगड झालेला मोदक. आमच्या दुसऱ्या कडव्यात साय आली. पोहेही होते, ते मी काढायला लावले, एका गाण्यात दोनदा खाणं आलं की लोकांना भूक लागते आणि लक्ष जातं.

कोण गातंय?

हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की खरं तर आधी घ्यायला हवा होता, पण पोरांना तो मात्रांनंतरच पटतो. नाटकातलं गाणं गीतकाराचं नसतं, पात्राचं असतं. डोरोथीबाई नुसती गाणी लिहीत नव्हती, भाऊ हर्बर्टबरोबर नाटकाची संहिताही लिहायची. 'ॲनी गेट युवर गन' ही तिची कल्पना. नेमबाज ॲनी ओक्लेची भूमिका गायिका-नटी एथेल मर्मनने करावी हे तिच्याच डोक्यात आलं. संगीत कर्न करणार होता, पण १९४५ च्या नोव्हेंबरात तो वारला आणि त्याच्या जागी संगीतकार अर्व्हिंग बर्लिन आला. बर्लिन आपले शब्द आपणच लिहायचा. म्हणजे या बाईंनी आपल्याच नाटकातली आपली गाणी सोडली आणि संहितेवर काम केलं. १९४६ मध्ये ते नाटक आलं आणि तुफान चाललं. माझी एक ओळ कुणी कापली तर मी दोन दिवस जेवत नाही. असो.

पात्रागणिक भाषा कशी बदलते ते बघायचं असेल तर 'द वे यू लुक टुनाइट' ऐका आणि लगेच १९६६ च्या 'स्वीट चॅरिटी' नाटकातलं 'बिग स्पेंडर' ऐका. पहिल्यात हळवा, मृदू माणूस. दुसऱ्यात पैसे घेऊन गिऱ्हाइकाबरोबर नाचणाऱ्या, थकलेल्या, निर्ढावलेल्या बायका, कठड्याला रेलून येणाऱ्याला हटकताहेत. मध्ये तीस वर्षं गेलेली, आणि लिहिणारी साठी ओलांडलेली. संगीतकार साय कोलमन तिच्याहून चोवीस-पंचवीस वर्षांनी लहान. त्याने भीतभीत विचारलं, माझ्याबरोबर काम कराल का? ती म्हणाली, देवाची कृपा, कुणीतरी विचारलं तरी! मी हे वाचलं तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. हातात पेन्शनचे कागद होते.

तुमच्यासाठी यातलं काम एवढंच : गाणं झालं की प्रत्येक ओळीसमोर लिहा, हे वाक्य हे पात्र एरवी बोललं असतं का? आमच्या त्याच नाटकात अमृततुल्याच्या मालकाचं एक कडवं होतं. पोरांनी त्याच्या तोंडी 'प्रेमाचा हा उकळता पेला' घातलं होतं. मालक असं म्हणत नाही. मालक म्हणतो, "दोन कटिंग झाले, टेबल सोडा." तेच घातलं.

वेळ आणि नाव

डोरोथीबाई आधी आठवडेच्या आठवडे नुसती टिपणं काढायची आणि मग सकाळी साडेआठ ते चार अशी ऑफिससारखी लिहायला बसायची. स्फूर्ती वगैरे आम्ही एक्स्चेंजमध्ये पाहिली नाही, तिथे पाळी असते. रोज दोन तास ठरवून बसा. पहिले तीस मुखडे टाकायचेच असतात.

नावाचं आधी ठरवा. एका ग्रुपने पोस्टरवर तबलजी, प्रकाशयोजना, चहा पुरवणारा, सगळ्यांची नावं टाकली आणि गाण्यांचं नाव राहिलं. "काकू, जागाच नव्हती." तेव्हापासून मी शब्द देतानाच खाली 'गीत' लिहून नाव टाकते आणि फोटो काढून सगळ्यांना पाठवते. गाणं रेकॉर्ड होऊन बाहेर जाणार असेल तर कागद वाचल्याशिवाय सही नको. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखलेला आहे आणि तो गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासद होता येतं.

उलटंही होतं, आपलं नसलेलं आपल्या नावावर येतं. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये डोरोथीबाईंची गाणी पहिल्यांदा होणार म्हणून आई-वडील कौतुकाने समोर बसले. गायिकेने ठरलेलं सोडून भलतीच चावट गाणी म्हटली. वडील संतापले. ही गाणी माझ्या मुलीची नाहीत असं मालकाला जाहीर करायला लावलं, तेव्हा शांत झाले. म्हणून तालमीला जात जा. तुमच्या ओळीचं काय होतंय ते तिथेच कळतं.

आम्हीही गेलो. रंगीत तालमीला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसते, कारण तिथे जो शब्द पोचतो तोच खरा लिहिला गेलेला. 'निवलाय' पोचला. 'सांग ना'चा 'ग' गेला, तो मुलीने नंतर स्पष्ट केला. आणि एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. 'गॅस बंद कर ना'वर समोर बसलेली वीस-पंचवीस पोरं खो खो हसली आणि त्या हशात परतीचा 'आलोच' बुडाला. पेटीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी दोन बोटं वर केली. तिथे आता दोन आवर्तनं रिकामी आहेत. तबलजी तेवढ्यात हातोडी मारून तबला सुरात आणतो, आणि ती मुलगी नुसती कपाकडे बघते.